जोडपदवी आहे, जोड कुठे आहे?

बारावीचा निकाल लागला की मराठी मध्यमवर्गीय घरात आजवर दोनच प्रश्न विचारले जात. वैद्यकीय की अभियांत्रिकी? कला शाखेकडे वळणारा मुलगा म्हणजे कुठेच प्रवेश न मिळालेला, ही समजूत पक्की होती; आणि पदवीनंतर काहीच सुचले नाही की ‘वकिली कर’, हा सल्लाही ठरलेला होता. गेल्या दोन-अडीच दशकांत हे चित्र पालटले आहे. बारावीनंतर पाच वर्षांत बी.ए. आणि एलएल.बी. या दोन्ही पदव्या एकत्र देणाऱ्या अभ्यासक्रमासाठी आता स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहेत, त्यांचे शिकवणी वर्ग आहेत आणि लातूर-नांदेडपासून मुंबईपर्यंतचे पालक त्यासाठी कर्ज काढण्यासही तयार आहेत. गुणवान विद्यार्थी समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि कायदा यांकडे आपणहून वळत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न निराळाच आहे. इतिहास, अर्थशास्त्र आणि कायदा यांना एका छपराखाली आणण्यामागे जो हेतू होता, तो सिद्धीस जातो आहे काय?

हा हेतू मोठा होता. केवळ कलमे पाठ करून वकील घडत नाही. ज्या समाजासाठी कायदा आहे तो समाज वकिलाला कळला पाहिजे, या विचारातून १९८०च्या दशकात भारतीय विधिज्ञ परिषदेने पाच वर्षांच्या शिक्षणक्रमाचा मार्ग मोकळा केला. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यालयात १९८८ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली. त्या संस्थेचे शिल्पकार डॉ. एन. आर. माधव मेनन यांनी वर्गातील शिक्षणाला विधी साहाय्य केंद्राची आणि प्रत्यक्ष कामाची जोड दिली. महाराष्ट्रातही पुण्यात ‘बी.एस.एल.’ आणि मुंबईत ‘बी.एल.एस.’ या नावांनी अनेक वर्षे हीच वाट चालू होती. पुढे २०१४च्या राज्य कायद्यान्वये मुंबई, नागपूर आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे राष्ट्रीय विधि विद्यापीठे उभी राहिली.

वास्तविक महाराष्ट्राला ही कल्पना कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नव्हती. न्या. महादेव गोविंद रानडे हे इतिहासाचे आणि अर्थकारणाचे अभ्यासक होते, तसेच उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही. न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी न्यायदान करता करता संस्कृत वाङ्मयाची सेवा केली. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक या नामवंत वकिलाने नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ इंग्रजीत आणला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्राचे डॉक्टर आणि ग्रेज इनचे बॅरिस्टर. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आणि महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे! मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या या विद्वानाने १९३० ते १९६२ अशा तीन दशकांहून अधिक काळात धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहून पुरा केला आणि १९६३ मध्ये ते ‘भारतरत्न’ झाले. यांपैकी कोणाकडेही एकात्मिक पदवी नव्हती. विद्यांचे एकात्म्य मात्र होते.

आजच्या महाविद्यालयांत काय दिसते? पहिल्या दोन वर्षांत राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास असे विषय येतात आणि ‘हे एकदा उरकले की खरा कायदा सुरू’ या भावनेने ते उरकले जातात. कायद्याचे अध्यापक त्या विषयांकडे पाहत नाहीत. त्या विषयांचे अध्यापक, पुष्कळदा तासिका तत्त्वावर नेमलेले, कायद्याकडे फिरकत नाहीत. एकाच इमारतीत दोन शेजारी राहावेत आणि त्यांनी एकमेकांना नावानेही ओळखू नये, असा हा संसार आहे.

एकच उदाहरण पुरेसे आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात गेले तर वाटपाचे दावे हमखास सापडतात. वडिलार्जित जमीन, चार भाऊ, दोन बहिणी, बहिणींनी कधीतरी सही करून दिलेले हक्कसोडपत्र, त्यावरून पडलेला फेरफार आणि सात-बाराच्या उताऱ्यावरून नाहीशी झालेली नावे. या एका दाव्यात विद्यार्थ्याला पाच वर्षांत शिकवले जाणारे बहुतेक सर्व विषय आहेत. समाजशास्त्राच्या तासाला त्याला एकत्र कुटुंब शिकवले जाते. अर्थशास्त्राच्या तासाला शेतजमिनीचे तुकडे पडण्याचे दुष्परिणाम शिकवले जातात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ आणि त्याचे कलम ६ शिकवले जाते. २००५च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच सहदायकत्व मिळाले आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला, हेही सांगितले जाते. पण हक्क मिळूनही बहीण हक्कसोडपत्रावर सही का करते, माहेर तुटण्याची भीती तिच्या हाताला कशी धरते, त्या सहीमागे हुंड्याचा आणि लग्नखर्चाचा कोणता हिशेब असतो, हे या तीनपैकी कोणत्याच तासाला कळत नाही. कारण ते या तीन तासांच्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा कोणाच्याच वेळापत्रकात नाही.

याच उदाहरणाची दुसरी बाजू इतिहासाची आहे. सहदायकी हा शब्द विद्यार्थी घोकतो. परंतु ती कल्पना याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ टीकेत मांडली गेली, कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आपल्या अगदी शेजारी, ही टीका लिहिली गेली आणि बंगालात जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने वेगळा मार्ग धरला, हे त्याला चार ओळींच्या टिपणापलीकडे ठाऊक नसते. सतराव्या शतकातील ‘व्यवहारमयूखा’ने बहिणीला वारसांत स्थान दिले आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी ते मान्य केले, इतर अनेक प्रांतांत तिला तसे स्थान नव्हते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, मुलींना सहदायक करणारी दुरुस्ती केली. या दोन गोष्टींमध्ये काही धागा आहे की नाही, हा पदवीच्या प्रबंधाला शोभेल असा प्रश्न आहे. तो विचारायचा तर विद्यार्थ्याला थोडे संस्कृत, थोडा इतिहास आणि पुष्कळ कायदा यायला हवा. म्हणजे नेमके तेच, जे देण्याचे आश्वासन हा अभ्यासक्रम देतो.

विधिशास्त्राच्या वर्गात ऑस्टिन येतो, केल्सन येतो, हार्ट येतो. ते यावेतच. परंतु ज्या देशात व्यवहार, साक्ष, लेख्य, ऋणादान यांवर शतकानुशतके चर्चा झाली, त्या देशातील न्यायविचार प्रस्तावनेच्या एका परिच्छेदात गुंडाळला जावा, याला काय म्हणावे? मेकॉलेचे नाव घेतले की काहींना ती जुनी तक्रार वाटते. पण शिक्षणविषयक टिपण १८३५ मध्ये लिहिणारा आणि १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा सादर करणारा माणूस एकच होता, हा योगायोग विधि महाविद्यालयाने तरी विसरू नये. १ जुलै २०२४ पासून त्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. पुस्तकांची मुखपृष्ठे बदलली. अध्यापनाची चौकट बदलली असे म्हणवत नाही.

अर्थात भारतीय न्यायविचार शिकवायचा म्हणजे त्याची आरती ओवाळायची नव्हे. स्मृतिग्रंथांत वर्णानुसार दंड बदलतो, स्त्रीचे स्वातंत्र्य आखडते, हेही विद्यार्थ्याने मूळ ग्रंथातूनच वाचले पाहिजे आणि त्यावरील बाबासाहेबांची कठोर टीकाही त्याच वर्गात वाचली पाहिजे. काण्यांनी काही लपवले नाही. म्हणूनच त्यांचा ग्रंथ टिकला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विधिशिक्षणाने सामाजिक-सांस्कृतिक संदर्भ आणि कायदेविषयक विचारांचा इतिहास पुराव्यानिशी शिकवावा, असे म्हटले आहे. यातील ‘पुराव्यानिशी’ हा शब्द भक्तांनी आणि टीकाकारांनी, दोघांनीही जपून ठेवण्याजोगा आहे.

भाषेचा प्रश्न याहून निकडीचा आहे. राष्ट्रीय विधि विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, ‘क्लॅट’, २००८ पासून होत आली ती इंग्रजीतूनच. महाराष्ट्राच्या स्वतःच्या विधि सीईटीत मराठीचा पर्याय आहे. पण वर्गात शिरताच पुन्हा इंग्रजी. दुसरीकडे राज्यातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८च्या अधिसूचनेनुसार मराठी आहे. फिर्याद मराठीत, पंचनामा मराठीत, साक्षीदार वऱ्हाडीत किंवा मालवणीत बोलणारा, आणि पाच वर्षे इंग्रजीत घडलेला तरुण वकील ‘मिळकत’, ‘वहिवाट’, ‘ताबा’, ‘दुरुस्ती अर्ज’ या शब्दांपाशी अडखळणारा! राज्यांतील विधिसंस्थांनी इंग्रजी आणि राज्यभाषा अशा दोन्ही भाषांतून शिक्षण देण्याचा विचार करावा, असे तेच धोरण सांगते. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी आहे, तेव्हा इंग्रजी उत्तम यायलाच हवी. त्याविषयी दुमत नाही. पण मराठी दावा लिहिता न येणे ही प्रतिष्ठेची खूण कधीपासून झाली?

या विद्यापीठांतील हुशार मुले मोठ्या विधिसंस्थांत आणि कंपन्यांत जातात, यावर नाक मुरडणे सोपे आहे. वर्षाला काही लाख रुपये शुल्क भरणाऱ्या आणि कर्जाचे हप्ते डोक्यावर असणाऱ्या मुलाने तालुक्याच्या न्यायालयात ज्येष्ठ वकिलाकडे नाममात्र विद्यावेतनावर बसावे, अशी अपेक्षा दुसऱ्याच्या मुलाकडून करणे तर आणखी सोपे. ज्येष्ठ वकिलांनी कनिष्ठांना जगण्यापुरते मानधन देणे ही सुधारणेची पहिली पायरी आहे. तिच्याविषयी वकील संघांच्या सभांत फारसे कोणी बोलत नाही. असो.

पाच वर्षे फार होतात, बारावीनंतर तीनच वर्षे पुरे करा, अशी मागणी करणारी याचिका २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आली. न्यायालयाने ती ऐकण्यास नकार दिला, ते योग्यच झाले. उणीव वर्षांची नाहीच. आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला दुय्यम लेखण्याचेही कारण नाही. नोकरी सांभाळून, संसार सांभाळून वकील झालेल्यांनी जिल्हा न्यायालये आजवर तोलून धरली आहेत.

करता येण्याजोगे बरेच आहे. विधिज्ञ परिषदेच्या २००८च्या नियमांनी पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला किमान वीस आठवड्यांचा प्रत्यक्ष अनुभव बंधनकारक केला आहे. त्यांतील चार आठवडे मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयाऐवजी स्वतःच्या तालुक्याच्या न्यायालयात आणि विधी सेवा समितीत घालवले, तर सात-बारा आणि फेरफार यांची ओळख तेथेच होईल. मसुदालेखनाच्या विषयात निम्मे मसुदे मराठीत लिहून घेता येतील. समाजशास्त्राचा आणि कुटुंब कायद्याचा अध्यापक महिन्यातून एकदा एकाच वर्गात उभे राहून एकच खटला शिकवू शकतील. मिताक्षरा, मयूख आणि काण्यांचे खंड यांवर एक ऐच्छिक विषय ठेवता येईल. यातील कशासाठीही संसदेच्या कायद्याची वा दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. अभ्यास मंडळाची एक बैठक पुरते. काण्यांचे पाचही खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने प्रसिद्ध केले आहेत आणि ती संस्था विधि महाविद्यालय रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.