टिंबटिंब प्रिंटर

सभ्य मराठी लेखकावर शिवी द्यायची वेळ आली की तो टिंबं देतो. हल्लीचे साहेब लोक ज्या सुरात ‘डॉट मॅट्रिक्स’ म्हणतात तो सूर ऐकला, की ‘टिंबटिंब प्रिंटर’ हे त्याचं भाषांतर किती चपखल आहे ते पटतं. “अजून हे वापरता तुम्ही?” असं विचारताना त्यांचा चेहरा, चकचकीत ब्लॉकमध्ये शेणानं सारवलेली चूल दिसावी, तसा होतो.

वापरतो साहेब. आणि आमच्या शाखेतली सगळी यंत्रं एका दिवशी एकाच वेळी चालू असण्याचा योग जेव्हा केव्हा येईल, तेव्हा त्यात याची हजेरी नक्की असेल. बाकीच्यांबद्दल लिहून देणार नाही.

आता हे यंत्र करतं काय? एका डोक्यात नऊ किंवा चोवीस सुया असतात. त्या शाईच्या रिबनीवर ठोके मारतात, रिबन कागदावर आपटते आणि टिंबाटिंबांचं अक्षर उमटतं. झालं! मी बी.कॉम. माणूस, यापलीकडचं यंत्रशास्त्र मला कळत नाही, आणि या यंत्राला त्यापलीकडचं लागतही नाही. आवाज होतो हे कबूल. कोणी शेजारी बसून तासभर खवणीवर नारळ खवावा, तसा होतो. पण नारळ खवला जातोय याची खात्री तरी पटते. आमच्या लेझर प्रिंटरला कागद सरकवला की तो इतका गप्प बसतो, की विचार करतोय की झोपलाय ते कळत नाही.

‘अक्षर सुबक नाही’ हा दुसरा आरोप. नसेल. वजनकाट्याच्या पावतीत सौंदर्य शोधणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. उसाच्या ट्रकचं वजन किती भरलं एवढंच शेतकऱ्याला बघायचं असतं, ‘टन’ हा शब्द कुठल्या वळणात लिहिलाय ते नव्हे.

खरा मुद्दा ठोक्याचा आहे. ठोका असतो म्हणून कार्बन चालतो. वरच्या कागदावर मारलेला घाव खालच्या दोन-तीन कागदांना एकाच वेळी लागतो. लेझर आणि इंकजेट कागदाला असे ठोके मारत नाहीत. त्यांच्याकडून तीन प्रती हव्या असतील तर तीनदा छापाव्या लागतात. “मग छापा की तीनदा!” असं म्हणणाऱ्यानं मार्केट यार्डात एक दिवस गल्ल्यावर बसून दाखवावं. तीनदा छापलेले कागद म्हणजे तीन सख्खे भाऊ. दिसायला सारखे, पण वाटणीच्या वेळी कोण काय बोलेल सांगता येत नाही. कार्बनच्या प्रतींचं तसं नाही. वरच्या कागदावर कोणी नंतर पेनानं शून्य वाढवलं, तरी खालचा कागद जुनाच आकडा बोलतो.

सरकारलाही हे ठाऊक असावं. जीएसटीच्या नियमांतला ४८ वा नियम सांगतो, की माल विकलात तर बिलाच्या तीन प्रती करा: एक घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक स्वतःला. ई-इन्व्हॉइसच्या कक्षेत येणारे मोठे व्यापारी सोडा. आमच्या पेठेतला घाऊक औषधवाला, ट्रान्सपोर्टच्या हपिसात बिल्टी फाडणारा, हे सगळे अजून तीन रंगांचे कागद एकदमच काढतात. एक सर्रकन् फाडून ड्रायव्हरच्या हातात, दुसरा गिऱ्हाइकाला, तिसरा खिळ्याला. गुंतवणूक काय, तर एक रिबन.

आता त्या गुळगुळीत थर्मल पावतीबद्दल बोलतो. तिच्यात शाईच नसते. कागदाला असा लेप दिलेला असतो, की उष्णता लागली की तो काळा पडतो. म्हणजे मुळात तापट स्वभाव! पुढे ऊन, तेल, प्लॅस्टिक, कशाचंही निमित्त होतं आणि अक्षर उडून जातं. हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळा असं तोच जीएसटी कायदा सांगतो. बहात्तर महिने! ही पावती बहात्तर दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवून बघा.

आमचे एक खातेदार निवृत्त शिक्षक आहेत. नातीच्या कॉलेजची फी त्यांनी चेकनं भरली. मिळालेली थर्मल पावती शिक्षकी शिस्तीनं प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवली. वर्षाखेरीला कॉलेजचा कारकून म्हणाला, फी दिसत नाही, पावती दाखवा. गुरुजींनी पाकीट उघडलं, तर आत कोरा कागद. बेफिकिरीनं खिशात चुरगळली असती तर कदाचित टिकली असती. जपली म्हणून गेली! रक्कम त्यांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढी. शेवटी उपयोगी पडलं ते आमचं पासबुक: तारीख, चेकचा नंबर, रक्कम, सगळं टिंबाटिंबात, ठोकून बसवलेलं. कारकुनानं ते वाचलं आणि त्याच्या रजिस्टरातही मग फी दिसू लागली.

आणि हे पासबुक, जाडजूड, मधे शिवलेलं, खिशात दुमडून आणलेलं, ते गिळायची हिंमत या ठोक्याच्या यंत्राखेरीज कोणात आहे? “ॲपवर बघा ना” म्हणतात. बघतात की, ज्याचं खातं तो बघतो. तो गेल्यावर त्याचा फोन उघडत नाही. दहा वर्षं न हललेल्या खात्यातले पैसे बँकेकडून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. २०१४ साली हा निधी झाला आणि अशा ठेवी शोधायला २०२३ साली ‘उद्‌गम’ पोर्टलही निघालं. पोर्टल चांगलं आहे. पण शोधायला बसायचं, तर आधी खातं असल्याचा संशय तरी यायला हवा. तो कपाटातल्या साड्यांखाली सापडलेल्या पासबुकामुळे येतो.

गंमत अशी, की हेच यंत्र एके काळी राक्षस होतं. १९८३ साली बँका आणि युनियन यांच्यात यंत्रं बसवण्याचा करार झाला. त्या काळात आमच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी संगणकाविरुद्ध घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळे माझी घोषणा वेगळ्या कारणासाठी होती. आता त्याच राक्षसाच्या बाजूनं मी घसा बसवतोय.

पासबुकावरची छपाई फिकी येते, ही तक्रार मात्र खरी आहे. पण ती यंत्राची नाही. नव्या ॲपचं सादरीकरण वेफर्स-समोशांसकट एका आठवड्यात मंजूर होतं. एका रिबनीच्या मागणीला मात्र तीन सह्या लागतात, आणि तिसरी सही करणारे नेहमी रजेवर असतात. परवा मी पुन्हा अर्ज पाठवला. कार्बन घालून, तीन प्रतींत. एक वरच्या हपिसाला, एक फायलीला, आणि एक माझ्या ड्रॉवरमध्ये.