खजिना नको, रेसिपी हवी!

‘समुद्रात दडलाय औषधांचा खजिना!’ स्क्रोल करताना असं शीर्षक दिसलं की मला आधी टेन्शन येतं. खजिना म्हटला की मागोमाग लुटणारे आलेच.

सध्या नंबर लागलाय सॉफ्ट कोरलचा, म्हणजे मऊ प्रवाळांचा. यांना दगडी घर नाही की पळायची सोय नाही. मग टिकतात कसे? केमिस्ट्रीच्या जोरावर. सायन्युलॅरिया, सार्कोफायटॉन अशा प्रवाळांत टर्पिन गटातली ढीगभर रसायनं सापडलीत. त्यातली काही लॅबमध्ये जिवाणूंची वाढ रोखतात. (बशीतले जिवाणू मेले म्हणजे गोळी तयार झाली, असं नाही हं. आपल्या पेशींनाही ती सोसायला हवीत.)

मला जास्त भारी वाटतो तो यांचा दुसरा उपयोग. जहाजाच्या बुडाला बार्नेकल चिकटले की वेग घटतो, इंधन जास्त जळतं. म्हणून पूर्वी कथिलाचं टीबीटी हे संयुग घातलेला रंग लावायचे. त्याने बार्नेकल मेले खरे, पण फ्रान्सच्या अर्काशाँ खाडीतली कालवांची शेतीही कोलमडली. अखेर २००८ मध्ये त्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली. मऊ प्रवाळांच्या गोतावळ्यातल्या रेनिलाची तऱ्हा वेगळी. त्याच्यातली काही रसायनं बार्नेकलच्या अळ्यांना मुळात बस्तानच बसवू देत नाहीत.

मग काय, जहाजं रंगवायला प्रवाळ तोडायचे? असली घाई एकदा झालीय. १९६९ साली कॅरिबियनमधल्या एका प्रवाळात प्रोस्टाग्लँडिन मुबलक असल्याचं कळलं आणि औषधांसाठी तो समुद्रातून काढला जाऊ लागला. पुढे तेच लॅबमध्ये बनवता आलं, म्हणून बरं!

आता तर तेवढीही सबब उरलेली नाही. ही टर्पिनं प्रवाळ बनवतो की त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्मजीव, यावर बरीच वर्षं घोळ होता. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की त्यासाठीची जनुकं प्रवाळाच्या स्वतःच्या डीएनएमध्येच आहेत. ती जिवाणूंत घालून पहिल्या काही पायऱ्या लॅबमध्ये करूनही पाहिल्या. म्हणजे रेसिपी वाचायला नखाएवढा तुकडा पुरतो. पण त्यासाठी मुळात प्रवाळ जिवंत हवा, आणि समुद्र तापतोय.

गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. बायोटेक किंवा केमिस्ट्रीवाले असाल आणि प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर हा घ्याच. फक्त ‘सॅम्पल किती घ्यायचं?’ हे गाइडला पहिल्याच दिवशी विचारा.