काजव्यांच्या डोंगरात किती गाड्या मावतात?

जूनचा आणखी एक शनिवार-रविवार उरकला. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी. भंडारदरा धरणाच्या कडेकडेने बसलेली ही आपली गावं आज सोमवारी काय करतायत? रस्त्याकडेच्या बाटल्या गोळा करतायत, वावरात घुसलेल्या गाडीनं मोडलेला बांध घालतायत, आणि दोन रात्रींची राहिलेली झोप काढतायत. पावसाच्या तोंडावर राब भाजून झालेत, भाताची पेरणी डोक्यावर आहे, सरपण अजून घरात यायचंय. पण शनिवार-रविवार गावाचा राहिलेलाच नाही. तो काजवे बघायला येणाऱ्यांचा झालाय.

आधीच सांगतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये लगेच कुणी तुटून पडायला नको. मी पर्यटनाच्या विरोधात नाही. पाहुणा आला की आपल्याकडे आधी पाण्याचा तांब्या पुढे होतो, मग नाव विचारतात. माझं म्हणणं एवढंच आहे: या डोंगरात एका रात्री किती गाड्या जाव्यात, याचा एक आकडा पाहिजे. आणि तो आकडा इथल्या ग्रामसभांनी ठरवला पाहिजे.

आज असा आकडा आहे का? नाक्यावर पावत्या फाटतात, म्हणजे गाड्या मोजल्या जातात. माणसामागे किती आणि गाडीमागे किती हेही लिहिलेलं असतं. पण 'इतक्या गाड्या झाल्या, आता आज प्रवेश बंद' असा फलक या रस्त्यावर मी तरी वाचलेला नाही. जत्रेतल्या पाळण्यालासुद्धा बसायची मर्यादा असते हो! आणि हा तर 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर झालेला मुलूख आहे.

आता काजव्याचं जरा समजून घेऊ. कारण ज्याच्या नावावर एवढी गर्दी होते, त्याच्याबद्दल गर्दीतल्या फार कमी जणांना माहिती असते. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात जातं. ओलसर पाचोळ्यात, मातीत, गोगलगायी खाऊन ही अळी महिनोन्‌महिने वाढते. पंख फुटून तो झाडावर लुकलुकतो ते जेमतेम दोन-चार आठवडे. मे अखेर ते पाऊस जोर धरेपर्यंत. तेवढ्या दिवसांत जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर जो झगमगाट दिसतो, ते लग्नाचं बोलणं चाललेलं असतं. नर चमकतो, मादी उत्तर देते. अनेक जातींत मादी खाली गवतात, झुडपात बसलेली असते.

तिथं आपण काय करतो? हेडलाइट. मोबाइलचा टॉर्च. वर ड्रोन. बोलणं चालू असताना मध्ये लाऊडस्पीकर लावावा, तसं. उजेडात नराला मादी दिसत नाही, मादीला नर दिसत नाही. ज्या गवतावर उभं राहून सेल्फी काढतो, त्याच गवतात ती बसलेली असते. जे बोलणं यंदा जुळलं नाही, त्याचे काजवे पुढच्या वर्षी कुठून यायचे? जगभरातल्या काजव्यांच्या अभ्यासकांनी 2020 मध्ये धोक्यांची यादी मांडली, त्यात अधिवास नष्ट होण्याच्या खालोखाल माणसाच्या उजेडाचा नंबर होता. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे अभ्यासाशिवाय कळतं. रस्त्याकडेची झाडं आता पहिल्यासारखी पेटत नाहीत, आतली पेटतात, असं तीच सांगतात. म्हणून तर दरवर्षी गाड्या आणखी आत घुसतात.

मग प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: "पत्रकारसाहेब, पोरांच्या पोटावर पाय देताय का?"

नाही देत. हिशोब मांडून दाखवतो. डोंगरात येणारा पाहुणा दोन तऱ्हेचा असतो. एक जण गावात मुक्काम करतो. कुणाच्या तरी पडवीत पिठलं-भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा खातो, सकाळी वाटाड्या घेऊन सांदण दरीत नाहीतर रतनगडावर जातो, निघताना बायांकडून करवंदं-जांभळं घेतो. याचा पैसा घरात येतो, चुलीपर्यंत येतो. दुसरा जण संध्याकाळी सातला घरून बांधून आणलेलं खाणं घेऊन वर चढतो, काचा खाली करून गाडीतूनच काजवे बघतो, अकराला खरकटं बाहेर टाकतो आणि रात्री एकला कोंडीत हॉर्न वाजवत परत जातो. हा गावाला काय देऊन गेला? धूळ आणि कचरा. गर्दी फुगते ती या दुसऱ्यामुळे. आणि या गर्दीला कंटाळून पहिला जण पुढच्या वर्षी येत नाही.

गाड्यांवर मर्यादा घातली तर पहिला वाढेल, दुसरा कमी होईल. शनिवार भरला की लोक मंगळवार-बुधवार बघतील. आज तीन-चार शनिवार-रविवारांत सगळं उरकतं, तेच काम वीस-पंचवीस रात्रींत वाटलं जाईल. पोटावर पाय कुणाचा पडेल? जागा भाड्यानं घेऊन शे-दोनशे तंबू ठोकणाऱ्याचा पडेल. ज्याच्याकडे चार तंबू आणि एक चूल आहे, त्याचा नाही.

आता पाण्याबद्दल. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आपल्याकडे म्हण राहिलेली नाही, ती मे महिन्याची दिनचर्या आहे. 1926 साली प्रवरेवर हे धरण पुरं झालं. घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरातल्या वाड्यांवर बाया डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याला नंबर लावतात. धरणाचं पाणी खाली कालव्यांना जातं, ते आत्ता बाजूला ठेवू, तो वेगळा झगडा आहे. पण ज्या आठवड्यात वाडीचा झरा तळाला गेलेला असतो, नेमक्या त्याच आठवड्यात हजारो माणसं आंघोळीला, संडासला, भांडी घासायला पाणी मागतात. पैसेवाला टँकर बोलावतो. वाडीनं कुणाला बोलवायचं?

आणि रस्ता. धरणाच्या कडेचा हा रस्ता वळणांचा, अरुंद. शनिवारी रात्री समोरासमोर दोन रांगा अडकल्या की दीड-दोन तास हलत नाहीत. समजा त्या वेळी उडदावण्यात कुणाला साप चावला, कुणी बाई अडली, तर राजूरला न्यायचं कसं? दुर्घटना झाल्यावर मेणबत्त्या लावायला सगळे येतील, बातम्या करायला आमच्या धंद्यातलेही येतील. 'काजवा महोत्सव सुरू, चला भंडारदऱ्याला' असे मथळे देणारेच तेव्हा 'प्रशासन झोपलंय का' असा मथळा देतील.

काहीजण म्हणतील, लोकांना शिस्त लावा, गाड्या कशाला रोखता? अहो, शिस्तीची माणसंसुद्धा गाडीनंच येतात. हेडलाइट शिस्तीचा असो की बेशिस्त, काजव्याला सारखाच दिसतो. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात एकत्र लुकलुकणारे काजवे बघायला अशीच झुंबड उडायची. त्यांनी काय केलं? वाहन पास सोडत काढून द्यायला सुरुवात केली. आठ रात्री, रात्रीला शे-सव्वाशे गाड्या. ज्याचा नंबर लागला तो गेला, बाकीचे पुढच्या वर्षी. तिथं काही आभाळ कोसळलं नाही.

आपल्याला सोडतच पाहिजे असं नाही. साधं करता येईल. बाहेरच्या गाड्या शेंडीला थांबवायच्या. पुढे गावातल्या पोरांच्या जीपा, ठरलेल्या भाड्यानं. झाडांच्या टप्प्यात दिवे मंद, टॉर्चला लाल कागद, फोटोचा फ्लॅश बंद. रात्री ठरलेल्या वेळेनंतर खाली उतरायचं. मुक्कामाची नोंद असेल त्यालाच वर सोडायचं. आणि जमलेला पैसा किती, कुठं गेला, याचा कागद ग्रामसभेत वाचायचा. कचरा उचलणारी माणसं गावची असतात, तर पैसा कुठं गेला हे विचारायचा हक्कही गावचाच.

"हे सगळं वनखात्यानं बघावं, आपल्या हातात काय आहे?" असं सरपंचसुद्धा म्हणतात. सरपंचसाहेब, आपल्या हातात बरंच आहे. आपला हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 चा पेसा कायदा आपल्याला लागू आहे, आणि गावाची साधनसंपत्ती राखायला ग्रामसभा सक्षम आहे असं तो कायदा सांगतो. वन्यजीव कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, त्यात अनुसूचित क्षेत्रातल्या अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करून करायचा, असं घातलंय. म्हणजे विचारायला त्यांनी आपल्या दारात यायचंय. ते आले नाहीत तर आपण ठराव घेऊन त्यांच्या दारात जायचं. ठरावाचा कागद फायलीत पडून राहील म्हणता? एका गावाचा राहील. सात गावांचा एकाच मजकुराचा ठराव एकाच दिवशी गेला, तर फाइल उघडावीच लागेल.

म्हणून विनंती आहे. 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की ग्रामसभा बसेल. घरकुल, रस्ता, नळ हे विषय असतीलच. त्यात आणखी एक विषय लेखी द्या: 'काजव्यांच्या हंगामात एका रात्री किती गाड्या?' बायांना बोलवा, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर आहे. तंबूवाल्या पोरांना बोलवा, कारण धंदा त्यांचा आहे. म्हाताऱ्यांना बोलवा, कारण पहिले काजवे कुठल्या झाडावर दिसायचे हे त्यांनाच माहीत आहे. भांडा, पण एका आकड्यावर या. पन्नास म्हणा, शंभर म्हणा. पुढचा मे यायच्या आत तो आकडा शेंडीच्या नाक्यावर लागला पाहिजे.

मुंबई-पुणे-नाशिकच्या मित्रांनो, तुम्हीही हे वाचत असाल. या, जरूर या. मधल्या वारी या, मुक्कामाला या, गावच्या चुलीवरचं खा, आणि दिवे घालवून शांत बसा. अंधारात दहा मिनिटं गप्प बसलात की झाड आपोआप पेटतं.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, वाद घालू. पण 15 ऑगस्टच्या आत घालू.