पौड ते नागपूर, व्हाया लोहगाव

तिकिटाच्या ॲपवर पुणे-नागपूर टाकून बघा. सव्वा ते दीड तास दाखवेल. लगेच वाटतं, अरे, एवढ्यात तर आपण पौडवरून डेक्कनला कॉलेजात पोहोचतो! इथेच गंडतो आपण.

पुणे ते नागपूर सरळ हवाई अंतर साधारण ६०० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने उडणाऱ्या विमानाला पाऊण तास पुरायला हवा. मग दीड तास कुठून आला? कारण वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडे जाऊन थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, उतरायचा नंबर लागेपर्यंत घिरट्या, सगळं त्यात येतं. शिवाय उशीर गृहीत धरून थोडी जास्तीची वेळही टाकलेली असते. लोहगाव तर हवाई दलाचा तळ, तिथे आपण पाहुणे.

आता मुळशीचा हिशेब मांडू. पौड ते लोहगाव चाळीसेक किलोमीटर. भूगाव, चांदणी चौक आणि मग अख्खं शहर आडवं कापायचं. दोन तास धराच. विमानतळावर दोन तास आधी. उड्डाण दीड तास, बॅग येईपर्यंत अर्धा-पाऊण. झाले सहा तास, त्यातला वेगात उडण्याचा जेमतेम एक. तरी नागपूरला विमानच जिंकतं, हे कबूल. अजनी-पुणे वंदे भारत ८८१ किलोमीटरला १२ तास घेते. पण हवेतून सव्वाशे किलोमीटरच असलेल्या मुंबईला कुणी विमानाने निघालं, तर त्याला हात जोडा.

माझी तक्रार वेगळीच आहे. विमानतळ म्हटलं की आपल्याकडे पुरंदरची चर्चा सुरू होते. आपल्याला तर तिथे जायला आणखी एक घाट! खरा वेळ जमिनीवर जातो, त्यावर कुणी बोलत नाही. वनाझ ते रामवाडी मेट्रो मार्च २०२४ पासून पूर्ण धावते. म्हणजे पौड रस्त्यावर चढून विमानतळापासून तीन-चार किलोमीटरवर उतरता येतं, तेही कॅबपेक्षा कितीतरी स्वस्तात. वनाझ-चांदणी चौक वाढीव मार्गाला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरीही दिली. पण पहिली मेट्रो सकाळी सहाला. आणि आपल्या खिशाला परवडणारं तिकीट बहुतेक वेळा पहाटेचंच असतं की नाही? मग रात्री दोनला कॅब शोधा, नाहीतर विमाननगरला मावशी असेल तर तिच्याकडे मुक्काम टाका. तिकिटात वाचवलेले पैसे चांदणी चौकातच संपतात.

पौडवरून वनाझमार्गे विमानतळापर्यंत पहाटे साडेतीनची एक बस असावी, एवढंच मागणं आहे. नव्या धावपट्टीपेक्षा ती नक्कीच स्वस्त पडेल. तोवर तिकीट काढण्याआधी घराच्या उंबऱ्यापासूनचे तास मोजा, कॅबचं भाडं त्यात मिळवा आणि मगच ते 'बुक'चं बटण दाबा.