काळ्या घरची लक्ष्मी

गेल्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. जळगावच्या आमच्या जुन्या घरात पूजा आटोपली होती, नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटले होते, लाह्या-बत्तासे वाटून झाले होते, आणि बैठकीत सोन्याच्या भावावरून गोष्टी निघाल्या होत्या. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या गावात दुसरे काय निघणार? तेवढ्यात माझ्या पुतण्याने जगातील धनाढ्यांची यादी वाचायला घेतली. अमेरिकन झाले, फ्रेंच झाले, आपले अंबानी-अदानी झाले. आणि मग आफ्रिकेतील पहिला धनिक म्हणून नायजेरियाच्या अलिको डांगोटे यांचे नाव आले. त्याबरोबर आमच्या तात्यांनी सुपारी कातरता कातरता निकाल देऊन टाकला, "काळ्याच्या घरी लक्ष्मी? चुकून आली असेल. टिकायची नाही. त्यांच्याकडे ती कधी टिकलीच नाही."

बैठक हसली. मला हसू आले नाही. त्याच उन्हाळ्यात धुळ्याच्या एका घरची मंडळी माझ्या नातीला पाहून गेली होती. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. त्यांना पसंतही पडली. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, की बाकी सारे उत्तम आहे, फक्त रंग अंमळ सावळा आहे, तेव्हा सोन्याकडे थोडे सढळ हाताने पाहावे. पाच तोळे अधिक! सोने तोळ्यावर मोजतात हे मला ठाऊक होते. माणसाची कातडीही तोळ्यावर मोजतात, हे त्या दिवशी कळले.

तात्या माझ्याहून वडील, म्हणून सणाच्या दिवशी मी गप्प बसलो. पण तात्या दिवाळी अंक आवर्जून वाचतात. तेव्हा माझे उत्तर मी येथेच देतो.

माझे वडील तीस वर्षे कापसाच्या जिनात मुनीम होते. ते म्हणत, वहीचे एकच पान पाहून कोणाला सावकार किंवा दिवाळखोर म्हणू नये. काळ्या माणसाच्या संपत्तीचे आपण एकच पान पाहतो. आता जरा मागची पाने उलटू या.

मालीचा सुलतान मन्सा मूसा १३२४ साली हजला निघाला. वाटेत कैरोला त्याने इतके सोने वाटले की तेथे सोन्याचा भाव पडला, आणि बारा वर्षांनंतरही लोक ती गोष्ट सांगत होते. युरोपात १३७५ च्या सुमारास काढलेल्या एका नकाशावर हा काळा राजा हातात सोन्याचा गोळा घेऊन बसलेला आहे. भाव चढला म्हणून आमचा सराफा हळहळतो; एका माणसाच्या दानाने भाव पडल्याचे त्याने कधी ऐकले आहे काय?

इतके दूर कशाला जा? चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून आपण वेरूळची लेणी पाहायला जातो. तेथून हाकेच्या अंतरावर खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. हबसाणात जन्मलेले हे पोर बाजारात विकले गेले, हातोहात फिरत अहमदनगरला आले, आणि पुढे निजामशाहीचा सर्व कारभार त्याच्या मुठीत आला. १६१० साली त्याने खडकी वसवली. तिचेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. तिथे त्याने जमिनीखालून नहर खेळवून पाणी आणले. १६२० साली त्याच्या फौजांनी आमच्या बऱ्हाणपूरला वेढा घातला. जहांगीर बादशहाला तो रणात आवरला नाही. म्हणून त्याने आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या तोंडाला शिव्या घातल्या आणि चित्रात त्याच्या तुटलेल्या मुंडक्यावर बाण सोडून समाधान मानले. १६२६ साली अंबर वारला आणि १६३३ साली दौलताबाद मोगलांनी घेतले. हे वैभव लक्ष्मीच्या लहरीने गेले की तोफांनी?

आता आमच्या घरच्या वहीकडे येतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. दक्षिणेची कापसाची बंदरे कोंडली गेली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आले. जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून गाजले ते त्या वर्षांत. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजार बुडाला आणि जळगावच्या पेठेलाही जबर फटका बसला. ही कहाणी आपण अभिमानाने सांगतो. पण एक प्रश्न विचारीत नाही : कोंडून पडलेला तो कापूस वेचीत कोण होते? १८६० च्या शिरगणतीप्रमाणे अमेरिकेत जवळजवळ ४० लाख काळी माणसे गुलाम होती. लँकेशायर ज्या कापसावर गबर झाले, त्यातला बहुतेक त्यांच्या हातचा. आणि त्यांची मजुरी शून्य! त्यांच्या गुलामीवरून पेटलेल्या युद्धात आमची पेठ भरली. हे नाते पेठेला उमगले नाही. महात्मा फुल्यांना उमगले. १८७३ साली त्यांनी आपली 'गुलामगिरी' काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली.

आणि मुक्त झाल्यावर तरी लक्ष्मी टिकू दिली काय? इंग्लंडने १८३३ साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना छदाम नाही. अमेरिकेत १८६५ साली मुक्त गुलामांसाठी बचत बँक निघाली. धुणी धुऊन, शेते कसून त्यांनी पै-पैसा साठवला. वरच्यांनी बेफाम कर्जे वाटली आणि १८७४ साली बँक बुडाली. सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. टल्सा गावातील ग्रीनवूड ही काळ्या व्यापाऱ्यांची भरभराटलेली वस्ती. १९२१ साली गोऱ्या जमावाने दोन दिवसांत तिची हजारावर घरे जाळली, आणि विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. तात्या, लक्ष्मी चंचल असते हे आपण आरतीनंतर सहज म्हणतो. येथे ती चंचल नव्हती. तिला भरदिवसा पळवून नेले.

तरीही ती पुन्हा पुन्हा त्या घरी आली, हे खरे नवल. १८६७ साली लुइझियानातील एका कापसाच्या मळ्यावर, कालपर्यंत गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी एक मुलगी जन्मली. धुणी धुता धुता तिने केसांच्या औषधाचा धंदा काढला आणि मॅडम सी. जे. वॉकर या नावाने हजारो काळ्या स्त्रियांना पोटापाण्याला लावले. ज्या डांगोट्यांची लक्ष्मी तात्यांना चुकून आलेली वाटते, त्यांचे आईकडून पणजोबा अल्हसन दांताता हे कानो शहरचे कोला आणि भुईमुगाचे बडे व्यापारी. १९५५ साली वारले तेव्हा पश्चिम आफ्रिकेतील अग्रगण्य धनिक होते. भुईमुगापासून सिमेंटपर्यंत आणि सिमेंटपासून तेलशुद्धीपर्यंत चार पिढ्यांची ही पेढी आहे. जळगावात अशा घराला आपण खानदानी म्हणतो.

कोणी म्हणेल, हे काळे धनिक काय सारे साधुसंत आहेत? मुळीच नाहीत. मन्सा मूसाच्या लवाजम्यात गुलाम होते. डांगोट्यांवर मक्तेदारीचा आरोप होतो, तसा तो आपल्याकडील बड्यांवरही होतो. श्रीमंतांची आरती ओवाळायला मी सांगत नाही. गोऱ्या श्रीमंताच्या पैशाला आपण कर्तृत्व म्हणतो, आपल्या माणसाच्या पैशाला पुण्याई म्हणतो, आणि काळ्याच्या पैशाला चूक म्हणतो. ही खोटी कीर्द बंद करा, एवढेच माझे मागणे आहे. २०२५ साली जगात तीन हजारांवर अब्जाधीश मोजले गेले. त्यांत काळे अवघे दोन डझनांच्या आसपास. हा आकडा त्यांच्या नशिबाचा पुरावा म्हणून वाचू नका. त्यांच्याकडून काय काय नेले गेले, त्याचा तो हिशेब आहे.

आणि आपण तरी कोण मोठे गोरे लागून गेलो? ज्या मातीने आपल्याला कापूस, केळी आणि घरावर माडी दिली, तिला आपण काळी आई म्हणतो. पंढरीला जाऊन सावळ्या विठोबाच्या पायांवर डोके ठेवतो. घरी येऊन सुनेच्या रंगाचे पाच तोळे मागतो!

धुळ्याच्या निरोपावर मी काही बोलण्याआधीच नात म्हणाली, "आबा, ते पाच तोळेही नकोत आणि ते घरही नको." आम्ही तसेच कळवले. यंदा लक्ष्मीपूजनाला वहीवर पहिले कुंकू लावण्याचा मान मी तिला देणार आहे. तात्या, आपण वडील आहात; यावे, आणि आपल्या हाताने तिच्या ओंजळीत बत्तासे घालावेत.