तिरस्काराची उतरंड आणि युरोपातले ‘देशभक्त’

राष्ट्रवाद्यांची आंतरराष्ट्रीय आघाडी होऊ शकते का? ‘आमचाच देश श्रेष्ठ’ म्हणणारा फ्रेंच आणि तेच म्हणणारा हंगेरियन एका बाकावर बसणार कसे? युरोपातल्या अतिउजव्या पक्षांबद्दल आपल्याकडचे पुरोगामी लेखक हा प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात की हे लोक आपसात भांडून संपतील. हे उत्तर चुकीचे आहे. ज्याने जातिव्यवस्था खालून पाहिली आहे, त्याला ते का चुकीचे आहे हे कळायला युरोपात जावे लागत नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. युरोपीय संघाच्या 27 देशांची मिळून एक संसद आहे. तिचे 720 सदस्य थेट जनतेतून निवडून येतात, पण सभागृहात ते आपापल्या देशाप्रमाणे न बसता राजकीय गटाप्रमाणे बसतात. गट करायला किमान 23 सदस्य लागतात आणि ते किमान सात देशांतले असावे लागतात. गट झाला की निधी, कर्मचारी, भाषणाची वेळ आणि समित्यांमधली पदे मिळतात. गटाबाहेरच्या खासदाराला तिथे फारसे कोणी विचारत नाही. म्हणजे परक्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या पक्षालाही तिथे सहा परक्या देशांतले भिडू शोधावेच लागतात.

जून 2024 च्या निवडणुकीनंतर असे तीन गट उभे राहिले. पहिला ‘पेट्रियट्स फॉर युरोप’, म्हणजे युरोपचे देशभक्त. स्थापनेवेळी सदस्य 84. त्यात फ्रान्समधला मारीन ल पेन यांचा पक्ष, हंगेरीतला व्हिक्टर ओर्बान यांचा आणि इटलीतला साल्विनी यांचा. दुसरा ‘युरोपियन कॉन्झर्व्हेटिव्ह्ज अँड रिफॉर्मिस्ट्स’, सदस्य 78. त्यात इटलीच्या जॉर्जिया मेलोनी यांचा पक्ष आणि पोलंडचा ‘लॉ अँड जस्टिस’. तिसरा ‘युरोप ऑफ सॉव्हरिन नेशन्स’, सदस्य 25, आणि त्यात जोर जर्मनीच्या एएफडीचा. बेरीज 187. त्या वेळी सभागृहातला सर्वात मोठा गट होता ‘युरोपियन पीपल्स पार्टी’ आणि त्याचे सदस्य होते 188.

एकच गट का झाला नाही? कारण भांडणे खरी आहेत. पोलंडच्या उजव्यांना रशिया शत्रू वाटतो, तर ओर्बान पुतिन यांच्याशी जवळीक ठेवून होते. साल्विनी सत्तेत असताना इटलीत उतरलेले निर्वासित इतर देशांनी वाटून घ्यावेत म्हणत होते, आणि त्यांचे जिवलग मित्र ओर्बान एकही घ्यायला तयार नव्हते. मे 2024 मध्ये एएफडीच्या उमेदवाराने एका इटालियन वृत्तपत्राला सांगितले की नाझींच्या एसएसमधला प्रत्येक जण गुन्हेगार नव्हता. लगेच ल पेन यांच्या पुढाकाराने एएफडीला तेव्हाच्या गटातून काढले गेले. निवडणूक तोंडावर होती आणि ल पेन यांना फ्रान्समध्ये आपली प्रतिमा धुवायची होती. दोन महिन्यांत एएफडीने स्वतःचा वेगळा गट काढला.

पण यातले सर्वात बोलके उदाहरण 2007 चे आहे. 1 जानेवारी 2007 ला रोमानिया आणि बल्गेरिया युरोपीय संघात आले. तिथले काही कडवे राष्ट्रवादी खासदार मिळाले आणि त्यांच्या जोरावर फ्रान्स, बेल्जियम, ऑस्ट्रिया, इटलीतल्या अतिउजव्यांचा गट जमला. नाव होते ‘आयडेंटिटी, ट्रॅडिशन, सॉव्हरिन्टी’. अस्मिता, परंपरा, सार्वभौमत्व. त्याच वर्षी शरद ऋतूत इटलीच्या राजधानीत एका महिलेचा खून झाला. आरोपी रोमानियातून आलेला रोमा समाजाचा माणूस होता. (रोमा हा युरोपभर विखुरलेला भटका ठरवलेला समाज. रोमानिया या देशाच्या नावाशी त्याचा संबंध नाही.) गटातल्या खासदार अलेस्सांद्रा मुसोलिनी, म्हणजे बेनिटो मुसोलिनीची नात, यांनी सगळ्या रोमानियन लोकांनाच गुन्हेगार ठरवणारे विधान केले. रोमानियाचे पाच खासदार चिडून बाहेर पडले. सदस्यसंख्या किमान मर्यादेखाली गेली आणि नोव्हेंबर 2007 मध्ये गट मोडला.

हा किस्सा पुरोगामी मंडळी हसून सांगतात. आपण हसण्याआधी थोडे थांबावे. बाहेर पडलेला ‘ग्रेटर रोमानिया’ पक्ष स्वतः काय करत होता? आपल्या देशात रोमा आणि ज्यू लोकांविरुद्ध विष पेरूनच तो मोठा झाला होता. एका अख्ख्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारणे त्याला कधीच खटकले नव्हते. तो शिक्का आपल्या कपाळावर बसला तेव्हा खटकले. इटालियन माणसाच्या नजरेत आपण आणि आपण ज्याला तुच्छ मानतो तो रोमा एकाच पायरीवर आहोत, हे त्याला सहन झाले नाही.

हे आपल्याला ओळखीचे वाटत नाही का? बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. साध्या विषमतेत खालचे सगळे मिळून वरच्याविरुद्ध उठू शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत ते घडत नाही, कारण मधल्या प्रत्येकाला वरून लाथ बसत असली तरी लाथ मारायला त्याच्याही पायाखाली कोणीतरी ठेवलेला असतो. वरच्याचा राग येतो, पण उतरंड मोडली तर खालचा आपल्या बरोबरीला येईल ही भीती त्या रागापेक्षा मोठी असते.

युरोपातल्या अतिउजव्यांची आघाडी याच गणितावर चालते. पश्चिमेचा गोरा दक्षिणेच्या गोऱ्याला आळशी म्हणतो, दक्षिणेचा पूर्वेच्याला चोर म्हणतो, पूर्वेचा रोमाला माणूसच मानत नाही. आणि सगळे मिळून मुसलमान, आफ्रिकी आणि आशियाई स्थलांतरितांना दारात उभे करत नाहीत. वरच्या पायऱ्यांवरून त्यांची भांडणे होतात. तळाची पायरी कोणाची, यावर मात एकमत आहे. म्हणून 2007 मध्ये गट मोडला तरी सतरा वर्षांत ते मोडक्या गटातून 187 पर्यंत पोहोचले. अंतर्विरोधाने ते मरतील या आशेवर बसलेल्यांनी एवढेच सांगावे: अंतर्विरोधाने जातिव्यवस्था मेली का?

आता त्या तळाच्या पायरीवर कोण आहे ते नीट पाहू. युरोपात रोमांची संख्या सुमारे 1 कोटी ते 1 कोटी 20 लाख धरली जाते. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातून गेले, हे भाषाशास्त्राने दाखवले आहे. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ म्हणतात आणि कानाला ‘कान’. हिटलरच्या राजवटीत ज्यूंबरोबर लाखो रोमा मारले गेले. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री ऑश्वित्झ-बिर्केनाऊच्या छावणीत उरलेली हजारो रोमा बायका, मुले आणि म्हातारी माणसे विषारी वायूने संपवली गेली.

हे जुने झाले म्हणता? हंगेरीत द्योंद्योशपाता नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेत रोमा मुलांचे वर्ग वेगळे होते, मजलाही वेगळा होता. पालक कोर्टात गेले. कोर्टाने नुकसानभरपाई मंजूर केली. तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांनी 2020 मध्ये जाहीर नाराजी दाखवली की काम न करता यांना पैसे मिळणार, हे गावातल्या इतरांच्या न्यायबुद्धीला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये भरपाई कायम केली. शिष्यवृत्ती आणि आरक्षणावर आपल्याला जे ऐकवले जाते, त्यातला एखादा शब्द तरी इथे वेगळा आहे का?

त्याच ओर्बान यांच्या पक्षाने रोमा समाजातल्या लिव्हिया यारोका यांना युरोपच्या संसदेत पाठवले आणि 2017 मध्ये त्या संसदेच्या उपाध्यक्षही झाल्या. रोमांसाठीच्या युरोपीय धोरणाचा अहवाल त्यांनी लिहिला, हे खरे. पण त्यांच्या पक्षाच्या राज्यात वेगळ्या वर्गांची भरपाई द्यायलाही सरकार कुरकुरले, हेही खरे. पुणे करारानंतर राखीव जागांवर कोण निवडून येते आणि कोणाच्या मतांवर येते, हा प्रश्न आपण जवळजवळ शंभर वर्षे विचारत आहोत. तो तिथेही लागू आहे.

या सगळ्यात ‘मधले’ पक्ष काय करत आहेत? जुलै 2024 मध्ये त्यांनी पेट्रियट्स आणि एएफडीच्या गटाला संसदेतली पदे मिळू दिली नाहीत, पण मेलोनींच्या गटाला दोन उपाध्यक्षपदे मिळाली. सप्टेंबर 2024 मध्ये व्हेनेझुएलाच्या ठरावावर पीपल्स पार्टीने अतिउजव्यांची मते घेतली. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपन्यांवरची पर्यावरण आणि मानवी हक्कांची बंधने सैल करतानाही तेच केले. आधी अस्पृश्य ठरवायचे आणि गरज पडली की मागच्या दाराने बोलवायचे. अतिउजवे एकट्याने सत्तेवर येत नाहीत, त्यांना दार उघडून देणारे सभ्य लोक असतात. आपल्या राज्यातल्या आघाड्यांचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

काही कार्यकर्ते म्हणतील, आपल्या गावात स्मशानाला जागा मिळत नाही आणि तुम्ही युरोपचे काय घेऊन बसलात? त्यांना ऑक्टोबर 2019 ची आठवण करून देतो. कलम 370 रद्द झाल्यावर काश्मीर बंद होते. ऑगस्टमध्ये आपल्याच देशाच्या विरोधी नेत्यांना श्रीनगर विमानतळावरून परत पाठवले गेले होते. अशा वेळी 23 युरोपीय खासदारांना मात्र तिथे फिरवण्यात आले. ते संसदेचे अधिकृत शिष्टमंडळ नव्हते. बहुतेक जण याच अतिउजव्या पक्षांचे होते, त्यात ल पेन यांचा पक्ष होता आणि एएफडीही होता. पोलीस बंदोबस्ताशिवाय लोकांशी बोलू द्या म्हणणाऱ्या ब्रिटिश लिबरल खासदाराचे निमंत्रण काढून घेतले गेले. आपले सत्ताधारी आणि तिथले देशभक्त एकमेकांना बरोबर ओळखतात. ओळखत नाही ते आपण.

आणि राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर आपली जी मुले जर्मनीत, नेदरलँड्समध्ये शिकायला जातात, त्यांना तिथला अतिउजवा जात विचारणार नाही, रंग पाहील. तिथला भारतीय सवर्ण मात्र जात विचारेल. आपल्या मुलांना दोन्ही उतरंडी एकदम भेटतात.

यावर उत्तर काय? उत्तर हंगेरीतल्याच शायोकाझा गावात सापडते. यानोश ओर्शोश हे रोमा कार्यकर्ते आणि तिबोर देर्दाक हे समाजशास्त्रज्ञ, या दोघांनी बाबासाहेबांविषयी वाचले. ओर्शोश महाराष्ट्रात येऊन आपल्या बौद्ध वस्त्या पाहून गेले. 2007 मध्ये त्यांनी तिथे डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू केली. शिक्षणव्यवस्थेने बाहेर फेकलेली रोमा मुले तिथे शिकतात, बुद्धवंदना होते आणि एकमेकांना ‘जय भीम’ म्हटले जाते.

अतिउजव्यांची युती तिरस्काराच्या वाटणीवर उभी असते, म्हणून तिला नेहमी तळाला कोणीतरी लागतोच. बंधुता वेगळी गोष्ट आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाहीत, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे बाबासाहेबांनी 1954 च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते. बंधुतेत तळाची पायरीच नसते. पण तेवढे म्हणून थांबता येणार नाही. आपल्यातही पोटजाती पाहून सोयरिकी होतात, भटक्या-विमुक्तांना ‘ते वेगळे’ म्हटले जाते, मुसलमानांविरुद्धचे संदेश आपल्याच मुलांच्या मोबाइलवरून पुढे जातात. जो उतरंडीत एक पायरी वर चढायला धडपडतो, तो उतरंड मोडू शकत नाही.

म्हणून एक साधी सूचना. 8 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय रोमा दिन. 1971 च्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेची ती आठवण. त्यांच्या झेंड्यावर मधोमध चक्र आहे. तीन दिवसांनी फुले जयंती येते, आणखी तीन दिवसांनी भीमजयंती. 1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंती आणि दुसऱ्याच दिवशी रोमा हत्याकांडाचा स्मृतिदिन. जयंतीच्या व्याख्यानमालेत एक दिवस रोमांवर ठेवा, पारधी आणि वडार वस्तीतल्या कार्यकर्त्यांना त्याच मंचावर बोलवा, डीजेच्या पैशातला थोडा भाग तिकडे वळवा. सात देश जोडून ते तिरस्काराचा गट करू शकतात, तर एका तालुक्यातल्या आपल्या चार गटांना एका मंचावर बसायला काय अडचण आहे?

जय भीम!