उपाशी कुत्रा आणि भरलेली सिरिंज



मे संपत आला की सोसायटीच्या फलकावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि वर्तमानपत्रांतून ‘पावसाळ्यापूर्वी घ्यायची काळजी’ झळकू लागते. टॉर्च, मेणबत्त्या, आधारकार्डाची झेरॉक्स, पिण्याचं पाणी, गुरं उंचावर हलवा. यादी चांगलीच असते. तिच्यात घरातला कुत्रा सहसा नसतो, आणि ज्याला सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचावं लागतं असा कुत्रा तर नसतोच. ‘माणसांना गोळ्या मिळेनात आणि यांना कुत्र्याच्या शुगरची पडलीय’ हा शेरा मात्र ठरलेला. शेरा मारणाऱ्यांसाठी एवढंच, की 1889 साली स्ट्रासबुर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं तेव्हा मधुमेहाचं मूळ सापडलं, आणि 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांचे इन्शुलिनचे पहिले प्रयोग झाले तेही कुत्र्यांवरच. घरोघरच्या फ्रिजच्या दारात उभी असलेली ती छोटी बाटली तिथून आली.

तक्रार प्रशासनाबद्दल आहे, पण आधी घरच्यांबद्दल. मधुमेही कुत्रा सांभाळणारी माणसं एरवी घड्याळाच्या काट्यावर चालतात. बारा-बारा तासांनी इंजेक्शन, त्याच वेळी मोजून जेवण. आपत्तीचा विषय निघाला की त्यांना भीती एकच: लाइट गेली तर फ्रिज बंद, फ्रिज बंद तर इन्शुलिन वाया.

ही भीती अगदीच खोटी नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. तरीही फ्रिज बंद पडला म्हणून बाटली त्याच संध्याकाळी निकामी होत नाही. वापरात असलेली बाटली खोलीच्या तापमानाला, 30 अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालते. नेमकी मुदत सोबतच्या माहितीपत्रकात छापलेली असते. खरा घात दोन ठिकाणी होतो. बाटली थेट बर्फात खुपसली आणि गोठली तर ती फेकावीच लागते, आणि बंद गाडीत काचेखाली राहिली तर उन्हाने जाते. तोंड रुंद असलेला थर्मास, तळाशी बर्फ, वर नॅपकिनची जाड घडी आणि तिच्यावर बाटली, एवढ्याने काम भागतं. उन्हाळ्यात माठाची युक्ती छान चालते. पण माठ गार होतो तो पाणी उडून गेल्यामुळे, आणि आषाढातल्या दमट हवेत पाणी उडणार कुठे? म्हणजे पुराच्या दिवसांतच माठ हात आखडता घेतो.

मोठा धोका मात्र फ्रिजमध्ये नसतो, तो हातातल्या सिरिंजमध्ये असतो.

ऑगस्ट 2019 मधली सांगली आठवावी. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेलेली, पुणे-बंगळुरू महामार्ग बंद, कोल्हापूरला ना दूध येत होतं ना पेट्रोल. समजा, अशा वेळी एक कुटुंब कुत्र्यासह शाळेच्या वर्गात येऊन बसलंय. संध्याकाळचे साडेसात, इंजेक्शनची वेळ. भेदरलेल्या कुत्र्याने सकाळपासून पोळीचा तुकडाही तोंडात घेतलेला नाही. घरचे मात्र मोबाइलच्या उजेडात रोजच्याइतकं इन्शुलिन भरतात, कारण ‘डोस चुकवायचा नाही’ हे मनात पक्कं बसलंय. इथेच कुत्रा दगावू शकतो. एखादा डोस हुकला तर शुगर चढते आणि अंगात पाणी असलेला, एरवी बरा कुत्रा तो दिवस सहसा निभावून नेतो. उपाशीपोटी पूर्ण डोस गेला तर शुगर इतकी उतरते की पाय लटपटतात, नजर हरवते, झटके येतात आणि जीवही जातो. डोस सलग हुकत राहिले तर कीटोन वाढतात. मग उलट्या, मलूलपणा, श्वासाला गोडसर वास. तेव्हा सलाईनची सोय असलेला दवाखाना गाठण्याला पर्याय नाही. पण ते एका रात्रीचं दुखणं नव्हे. सिरिंजची चूक काही तासांत जीव घेते.

म्हणून इन्शुलिनआधी कागद हवा. कुत्र्याने निम्मंच खाल्लं तर किती युनिट, काहीच नाही खाल्लं तर किती, उलटी झाली तर काय, हे आपल्या पशुवैद्याकडून आकड्यांसकट, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचं. वजन, औषधाचं नाव, सिरिंजचा प्रकार आणि डॉक्टरांचा नंबर त्याच कागदावर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो औषधाच्या डब्याला बांधून ठेवायचा. पुरात मोबाइलची बॅटरी संपते आणि डॉक्टरांचा फोनही लागत नाही.

सिरिंजच्या प्रकाराचं तर अनेकांना गांभीर्यच नसतं. आपल्याकडे 40 युनिटच्या सिरिंजचं टोपण लाल आणि 100 युनिटच्या सिरिंजचं नारिंगी. मेणबत्तीच्या उजेडात दोन्ही सारखीच दिसतात. 100 युनिटची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजने भरली आणि खुणेनुसार 10 युनिट दिले, तर प्रत्यक्षात 25 जातात. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यावरची दुकानं बुडाली. अशा वेळी शेजारच्या गावातल्या दुकानात जे मिळेल ते घ्यावं लागतं, आणि अदलाबदल होते ती अशीच. दोन आठवड्यांच्या सिरिंजा घरात आधीच असलेल्या बऱ्या.

मदतकार्यात आणखी एक गोष्ट हमखास घडते. कुणीतरी मायेने ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडतो आणि दिसेल त्या कुत्र्याला घालतो. म्हणून पट्ट्याला जाड अक्षरांची चिठ्ठी हवी: ‘डायबेटिस आहे, विचारल्याशिवाय खायला देऊ नका.’ साखर मात्र आपल्या पिशवीत असावीच. शुगर उतरल्याची चिन्हं दिसली तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक हिरड्यांना चोळायचा; शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या घशात पाणी ओतायचं नाही. ‘शुगर-फ्री’ म्हणून मिळणारं काही त्याच्या जवळपासही नको, कारण त्यात झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्यांना विषासमान आहे.

अशा कुत्र्याला तहानही फार लागते. अंगणात साचलेलं पुराचं पाणी तो लपालपा पितो आणि त्यातून त्याला लेप्टोस्पायरोसिस गाठतो. लस पावसाच्या आधी घेतलेली हवी. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना पुढेमागे मोतीबिंदू होतो. स्वतःच्या घरात पाठांतरावर बिनदिक्कत हिंडणारा आंधळा कुत्रा अनोळखी ओसरीवर गेला की भिंतीला धडकतो आणि घाबरून चावतोही. तो ‘पिसाळलेला’ नसतो.

आता आक्षेप. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली. तशा बोटीत कुत्र्यासाठी जागा मागायची कुणाची जीभ उचलेल? उचलूही नये. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांनी बोटीची वाट पाहूच नये. आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट आहे, धोक्याची 45. चाळिसाला गाडी काढून पाहुण्यांकडे निघालं तर ना बोट अडते ना माणूस. मात्र निवारा केंद्राच्या दारात ‘कुत्रा चालणार नाही’ असं ऐकावं लागेल या धास्तीने माणसं घरातच थांबतात, पाणी चढतं, आणि त्यांच्यासाठी बचाव पथकाला पुन्हा फेरी मारावी लागते. 2005 च्या कॅटरिना वादळात अमेरिकेत हेच झालं. कितीतरी लोकांनी प्राण्यांपायी घर सोडलं नाही. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार करणं राज्यांना भाग पडलं. मुंबईत 26 जुलैचा महापूर आला तोही 2005 मध्येच, आणि आपला आपत्ती व्यवस्थापन कायदाही त्याच डिसेंबरातला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करावाच लागतो. गुरांच्या चाऱ्याची चिंता करणाऱ्या त्या आराखड्यात ‘केंद्राच्या एका व्हरांड्यात साखळीने बांधलेल्या पाळीव प्राण्यांना जागा’ हे वाक्य घालायला तिजोरीतून काही जात नाही.

तेव्हा संपादक महोदयांना विनंती, की यंदाची पावसाळी यादी छापताना तिच्यात दोन ओळी वाढवाव्यात. मधुमेही कुत्र्याच्या घरच्यांनी डोसचा कागद डॉक्टरांकडून 31 मेच्या आत लिहून घ्यावा. आणि कुत्रा जेवला नसेल तर सिरिंज भरण्याआधी तो कागद वाचावा.

— एक वाचक, सांगली